गाळ कुठे न्यायचा हे कोणी ठरवायचं

हॅरिसन, न्यू जर्सी

प्रिय दादा आणि वहिनी,

नमस्कार. आई-बाबांना माझा नमस्कार सांगा, छोटीला खूप पापे.

परवा फोनवर वहिनी सांगत होत्या की एमआयडीसीच्या मागच्या त्या खड्ड्यातला गाळ आता काढणार आहेत म्हणे, दोन-तीन माणसं येऊन टेप लावून मोजमाप घेऊन गेली, सरपंचांनाही धड माहिती नाही, आणि मागून दादाचा आवाज आला की जाऊ दे ना, घाण जातेय ना एकदाची, मग झालं तर. तेवढ्यात रेंज गेली आणि बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून हे बसून लिहितोय, जरा लांबेल, पण वाचा. दादा, घाण जातेय यावर समाधान मानू नका रे. कुठे जातेय, कशी जातेय, किती मागे राहणार आहे, आणि हे सगळं ठरवताना गावाला कोणी विचारलं का, हे आत्ताच विचारा. एकदा टेंडर निघून डंपर दारात आले की मग नुसती वादावादी होते, बदलत काही नाही.

मी हे एवढ्या पोटतिडकीने का सांगतोय, तर मी जिथे राहतो तिथे नेमका हाच विषय गेली कित्येक वर्षं चाललाय. घरापासून चालत जाण्याइतकी जवळ पसेइक नदी आहे. पलीकडे न्यूअर्क शहर, त्यात आयर्नबाउंड नावाचा भाग, पोर्तुगीज, ब्राझीलची, इक्वेडोरकडची कष्टकरी माणसं राहतात, बेकऱ्या, गॅरेज, छोटी घरं. तिथे लिस्टर ॲव्हेन्यूवर डायमंड अल्कली कंपनीचा कारखाना होता. १९५१ ते १९६९ तिथे तणनाशकं बनायची, व्हिएतनामच्या जंगलांवर झाडं निष्पर्ण करायला जे एजंट ऑरेंज फवारलं त्यातली रसायनंसुद्धा. ती बनवताना डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते जमिनीत गेलं, नदीत गेलं. डायॉक्सिन पाण्यात फारसं विरघळत नाही, गाळाला चिकटून बसतं, मग गाळातल्या किड्यांत, तिथून माशांत, कुर्ल्यांत आणि शेवटी खाणाऱ्याच्या अंगात, आणि तिथून लवकर निघत नाही.

कारखाना बंद पडला १९६९ मध्ये आणि लोकांना कळलं कधी, तर १९८३ मध्ये, तेही कसं, तर गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केली आणि डोक्यापासून पायापर्यंत सूट घातलेली माणसं येऊन त्यांच्या घरासमोरचे रस्ते व्हॅक्यूमने साफ करायला लागली. विचार करा, तुमची पोरं ज्या रस्त्यावर खेळतात तिथे असं कोणी आलं आणि तुम्हाला मात्र साध्या कपड्यात उभं राहून बघायचं. पुढच्या वर्षी, १९८४ मध्ये, ही जागा सुपरफंडच्या यादीत गेली. सुपरफंड म्हणजे इथला अशा विषारी जागा साफ करायचा केंद्र सरकारचा कायदा आणि कार्यक्रम, इथली ईपीए, म्हणजे केंद्राची पर्यावरण संरक्षण संस्था, तो चालवते. न्यू जर्सीत अशा शंभराहून जास्त जागा आहेत, देशात सगळ्यात जास्त.

आता न्यूअर्कच्या बाजूला नदीकाठी छान पार्क केलंय, नारिंगी रंगाचा लांबलचक बोर्डवॉक आहे, संध्याकाळी मी जातो कधी कधी. नदीच्या या पट्ट्यात कुर्ल्या पकडू नका, खाऊ नका असे बोर्ड लावलेत. आणि तरी माणसं दोरी टाकून बसलेली असतात. एकदा एका म्हाताऱ्या माणसाची बादली बघितली, आपल्या कुर्ल्यांसारख्याच, फक्त नांग्यांना निळी झाक, तळाशी एकमेकींवर चढत होत्या. त्याला मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, तर तो म्हणाला माझा बापपण इथेच पकडायचा. वहिनी, कुर्लीच्या कवचाखाली जो हिरवट-पिवळा मऊ गर असतो ना, ज्याच्यासाठी आपल्याकडे भांडणं होतात, त्यातच हे विष सगळ्यात जास्त साठतं, आणि उकळून, मसाला घालून ते जात नाही. मला खाडीत जाणारी आपल्या वाडीतली सगळी माणसं डोळ्यांसमोर आली.

तर मुद्दा. हा कायदा मुळात लोकांनीच करायला लावला. न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनाल म्हणून वस्ती होती, जुन्या अर्धवट कालव्यात एका केमिकल कंपनीने सुमारे २१ हजार टन कचरा पुरला होता आणि त्याच्यावर शाळा आणि घरं उभी राहिली. १९७८ मध्ये तिथली लोइस गिब्स नावाची एक आई, मुलगा सारखा आजारी म्हणून दारोदार फिरली, कोणाच्या घरात काय आजार, किती गर्भपात, हे नकाशावर मांडलं, आणि दिसलं की जुने बुजवलेले ओढे जिथून जातात त्या कडेच्या घरांत त्रास जास्त आहे. बायकांनी गोळा केलेली माहिती म्हणून आधी अधिकाऱ्यांनी ती बाजूला सारली. पण त्या हटल्या नाहीत, शेवटी शेकडो कुटुंबं तिथून हलवावी लागली आणि डिसेंबर १९८० मध्ये सुपरफंडचा कायदा झाला. तुमच्याकडे कुठल्या विहिरीचं पाणी कधीपासून पिवळं येतं हे कुठल्या इंजिनिअरला माहीत आहे सांगा? आईला माहीत आहे, शेजारच्या काकूंना माहीत आहे. ते कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे.

या कायद्याप्रमाणे साफसफाईचा पर्याय निवडताना नऊ निकष लावतात. माणसांचं आणि निसर्गाचं संरक्षण होतं का, कायद्यात बसतं का, किती वर्षं टिकेल, खर्च किती, असं करत शेवटचा, नववा, म्हणजे तिथल्या लोकांना मान्य आहे का. ईपीए आधी सगळे पर्याय मांडून आपल्याला कुठला बरा वाटतो ते जाहीर करते, मग निदान ३० दिवस कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतं, जाहीर बैठकीची संधी द्यावीच लागते, तिथे बोललेला शब्द न् शब्द टाइप करून ठेवतात, आणि अंतिम निर्णयाच्या कागदाबरोबर त्यातल्या महत्त्वाच्या हरकतींना लेखी उत्तरं जोडावी लागतात. मला ही उत्तरं देण्याची सक्ती फार महत्त्वाची वाटते. सूचनांची नोंद घेतली, असं म्हणून मोकळं होता येत नाही, का मानली किंवा का नाही मानली ते लिहावं लागतं.

आणि अजून एक, जे मला सगळ्यात आवडलं. १९८६ मध्ये कायद्यात सुधारणा झाली, तेव्हापासून तिथल्या लोकांच्या गटाला ५० हजार डॉलरपर्यंत अनुदान मिळू शकतं, कशासाठी, तर स्वतःचा तज्ज्ञ नेमायला. रिपोर्ट हजार पानांचे असतात, त्यात सगळी आकडेमोड, कंपनीकडे वकील आणि शास्त्रज्ञांची फौज, सरकारकडे त्यांचे लोक, आणि गावकऱ्यांनी नुसत्या भावना मांडायच्या? त्यापेक्षा आपला माणूस, आपल्या बाजूने वाचणारा, आपल्या भाषेत समजावून सांगणारा.

पसेइकचं काय झालं ते सांगतो. २००९ पासून इथे नागरिकांची एक सल्लागार समिती आहे, काठावरच्या गावांतले रहिवासी, पर्यावरणवाले, होड्या वल्हवणारे क्लब, नगरपालिकेचे लोक. नियमित बैठका होतात आणि कोणीही जाऊन बसू शकतं, मीसुद्धा बसतो मागच्या खुर्चीत. २०१४ मध्ये ईपीएने नदीच्या खालच्या ८.३ मैलांसाठी, म्हणजे तेरा-साडेतेरा किलोमीटरसाठी योजना मांडली. गाळ उपसायचा, वरून वाळूचा जाड थर देऊन उरलेला दाबून टाकायचा. वाद झाला तो उपसलेला गाळ कुठे न्यायचा यावर. एक पर्याय होता जवळच्याच न्यूअर्क खाडीच्या तळाशी खड्डे करून त्यात पुरायचा. तो स्वस्त होता. पण लोकांनी आणि राज्य सरकारनेही ठामपणे नको म्हणून सांगितलं, एका पाण्यातून काढून दुसऱ्या पाण्यात टाकायचं तर काढताय कशाला. काही कंपन्यांच्या गटाने तर वेगळंच सुचवलं होतं, उपसा कमी करू आणि त्याबरोबर लोकांनी नदीतला विषारी मासा आणून द्यावा, आम्ही त्यांना टाकीत वाढवलेला स्वच्छ टिलापिया देऊ. दादा, हे खरोखर करूनसुद्धा बघितलं होतं. नदी आहे तशी ठेवून मासा बदलून द्यायचा, याला काठावरच्या माणसाने काय म्हणावं.

मार्च २०१६ मध्ये अंतिम निर्णय आला. दोन्ही काठांपर्यंत ३५ लाख घनयार्ड, म्हणजे साधारण २७ लाख घनमीटर गाळ उपसायचा, पाणी काढून तो दूर, परवाना असलेल्या ठिकाणी न्यायचा, खाडीत पुरायचा नाही. अंदाजे खर्च १३८ कोटी डॉलर. तो स्वस्तातला खाडीतला खड्डा रद्द झाला, त्यात लोकांच्या विरोधाचा मोठा वाटा होता.

आता सगळं गोडगोड चित्र उभं करत नाही. विष सापडून चाळीस वर्षं उलटली आणि तो गाळ बहुतेक अजून नदीतच आहे. कारखान्याच्या जागेवरची दूषित माती तर तिथेच भिंत घालून, वरून झाकून ठेवलीय, आयर्नबाउंडमध्येच. कोणी किती पैसे द्यायचे यावर कोर्टबाजी चालूच. आणि लोकांची मान्यता हा नववा निकष आहे, मतदान नाही, शेवटचा शब्द ईपीएचाच. बैठकीला येतात तेही ठरावीक लोक, जो माणूस बादली घेऊन बसलाय तो येत नाही, कारण त्या वेळी तो कामावर असतो किंवा त्याला भाषा येत नाही. माहितीपत्रकं स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये निघतात, ते चांगलंच आहे, पण कागद काढला म्हणजे माणूस आला असं होत नाही.

आणि आपल्याकडे विचारलं नाही की काय होतं ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा. २०११ च्या सुमारास तो नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीत जाळायचं चाललं होतं, विदर्भातून जोरदार विरोध झाला, मग जर्मनीला न्यायचं ठरत होतं, तिथल्याही लोकांनी ओरड केली. शेवटी कोर्टाने मुदत घातल्यावर जानेवारी २०२५ मध्ये कंटेनर रातोरात बंदोबस्तात इंदूरजवळच्या पिथमपूरला जाळायला गेले. लगेच पिथमपूर बंद, दगडफेक, दोघांनी तर स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. मग सरकार थांबलं, कोर्टाकडून आणखी मुदत घेतली, तोपर्यंत लोकांना समजावायचं म्हणे. आधी थोडा थोडा जाळून चाचण्या केल्या आणि जूनअखेर सगळा जाळून झाला. समजावणं कंटेनर पोचल्यावर. भोपाळच्या माणसाच्या दारातून विष जावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण ते ज्यांच्या दारात जाणार होतं त्यांना कोणी गृहीतच धरलं नाही. म्हणून दादा, आपल्या खड्ड्यातला गाळ कुठल्या गावाला जातोय हेसुद्धा विचार. ती पण माणसंच आहेत.

आपल्याकडे जनसुनावणी होते ती नवीन प्रकल्पासाठी, जुनी घाण काढताना तशी पद्धत नव्हती. पण जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांसाठी नवीन नियम काढलेत. त्यात स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने आपल्या हद्दीतल्या संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी राज्याच्या प्रदूषण मंडळाला द्यायची आहे, आणि लोकांच्या तक्रारीवरूनही जागा त्या यादीत घेता येते. वहिनी, तुम्ही आता पंचायतीत आहात तर हे तुमच्या हातातलं आहे. तो खड्डा ग्रामसभेत ठराव करून लेखी द्या, एक प्रत तहसीलदारांना, एक मंडळाच्या ऑफिसला, आणि पोच घ्या शिक्क्यासकट. गाळाची तपासणी कोणी केली, कुठल्या लॅबमध्ये, किती खोलीवरचा नमुना घेतला, रिपोर्ट मराठीत द्या, हे मागा. ट्रक कुठल्या रस्त्याने जाणार, शाळेच्या वेळेत का, ताडपत्री असणार का. खड्डा बुजवल्यावर आजूबाजूच्या विहिरी कोण तपासणार आणि किती वर्षं. गाळात किती विष चालतं हे ग्रामसभेने हात वर करून ठरवायचं नाही, ते तपासूनच कळणार, पण ट्रकचा रस्ता आणि विहिरींची यादी गावापेक्षा चांगली कोणाला माहीत असणार?

तपासणीचा रिपोर्ट मिळाला तर मला पाठवा, कॉलेजमधला माझा एक मित्र केमिस्ट्री शिकवतो, तो फुकट वाचून देईन म्हणालाय.

आणि ग्रामसभा ओहोटीच्या वेळी ठेवू नका. कालवं काढायला, तिसऱ्या काढायला ज्या बायका जातात त्या त्या वेळी खाडीत असतात, आणि त्या गाळात गुडघाभर उभ्या राहतात त्या तर पहिल्या बोलल्या पाहिजेत. दादा, तू तांडेलकाकांना आणि त्या सगळ्यांना घरी जाऊन सांग, नोटीस बोर्डावर लावून त्या येणार नाहीत. त्या दिवशी भरती किती वाजता आहे ते बघून वेळ ठरवा आणि मला कळवा, इथे रात्र असली तरी मी व्हिडिओ कॉलवर असेन.

तुमचा,
बंड्या