हरणीच्या उजव्या कानाबद्दल

कुंभारी, सोलापूर

प्रिय दोस्ता,

तू पुण्याहून फोन केलास की "घोडी कशी हाय बे" एवढं विचारतोस आणि मी "बरी हाय" म्हणून गप्प बसतो, पण ते फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाहीच, म्हणून आज बसलोय लिहायला. बाहेर पावसाची भुरभुर आहे, हरणी लिंबाखाली कडबा खात उभी आहे आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिची शेपटी अशी सैल बघतोय.

तुला माहितीये दिवाळीनंतर अकलूजच्या घोडेबाजारातनं तिला आणली. तिथं लोकं आधी अंगावरच्या केसांचे भोवरे बघतात, देवमण म्हणजे गळ्यावरचा शुभ भोवरा आहे का विचारतात, मग चाल, मग दात. मला मात्र तिच्या तोंडाचे कोपरेच दिसले, दोन्हीकडं जुने पांढरे व्रण. वरातीची नुकरी, म्हणजे पांढरी घोडी, समोर डीजे, फटाके, तोंडात काटेरी लगाम. काटेरी लगामाला जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांतच बंदी आहे रे, तरी अजून वापरतात. घरी आणल्यावर कळलं की ती कानाला हातच लावू देत नाही. म्होरकी, म्हणजे तोंडावर चढवायची दोरी, घेऊन जवळ गेलं की मान आभाळात, डोळ्याचं पांढरं दिसायचं, आणि पुढचे दोन्ही पाय उचलायची.

पहिला महिना मी जे केलं ते आठवलं की अजून वाईट वाटतं. मी वाईट वागलो असं नाही, मारलं तर कधीच नाही, पण घाई केली. रोज सकाळी म्होरकी घेऊन जायचो, ती मान वर करायची, मी घाबरून हात मागं घ्यायचो, थोड्या वेळानं परत तेच. मला वाटायचं मी सबुरीनं घेतोय. जुन्या टांगेवाल्या चाचांना बोलवलं, आयुष्य घोड्यांत गेलेला माणूस, ते पंधरा मिनिटं नुसते बांधावर बसून बघत होते आणि मग म्हणाले, "बेटा, तू इसको रोज सिखा रहा है, के सर उठाओ तो आदमी हट जाता है."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला बघ. घोडं दाबानं शिकत नाही, दाब कधी सुटतो त्यावरनं शिकतं. ती मान वर करते त्याच क्षणी मी हात काढला म्हणजे मी तिला शाबासकीच दिली. आणि मान जराशी खाली आली, कान एक बोटभर सैल झाला तेव्हा काढला तर ती ते शिकेल. अमेरिकेतले घोडे शिकवणारे टॉम डोरान्स आणि रे हंट हे दोघं नेमकं हेच शिकवत गेले, घोड्यानं बरोबर केलं त्या क्षणी माणसानं सोडलं पाहिजे. ऐकायला सोपं आहे पण तो क्षण अर्ध्या सेकंदाचा असतो आणि तेवढ्यात आपलं लक्ष मोबाईलकडं गेलं की संपलं.

पण त्याच्याही आधी डॉक्टरला बोलवलं ते बरं झालं. घोड्याच्या दाढा आयुष्यभर झिजतात आणि वर सरकत राहतात, मग त्यांना धारदार कडा येतात. हरणीच्या गालाला आतनं जखमा होत्या. कानशीनं दाढा घासून घेतल्या, महिनाभर तोंडात काहीच घातलं नाही. जनावराला दुखत असताना त्याला हट्टी म्हणणं हा मला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

मग सुरू केलं नव्यानं. पहाटे साडेपाचला, कारण मार्चनंतर आपल्याकडं आठ वाजताच ऊन चटका देतं. चाळीस फुटांचं कुंपण, बारा फुटांचा सुती दोर, बाकी काही नाही. पहिले दहा-बारा दिवस कानाचं नावच काढलं नाही, मानेच्या मुळाशी, जिथं आयाळ संपते, तिथं खाजवत बसायचो. घोडी एकमेकांना तिथंच चावून खाजवतात ना, आणि १९९३ साली फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर अभ्यास झाला त्यात त्या जागी खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी होताना दिसले. मला मशीन लागलं नाही, तिचा खालचा ओठ लोंबायला लागला, ती ओठ चाटायची, एकदा लांब जांभई दिली, मी तसाच उभा राहिलो आणि डोळ्यात पाणी आलं माझ्या.

मग हात मानेवरनं एक वीत पुढं, परत मागं. ती ताठ व्हायच्या आत मागं, हे महत्त्वाचं. दोन वीत, परत मागं. कानाच्या बुडाशी पोचायला सव्वीस दिवस लागले, मी कॅलेंडरवर खुणा केल्यात. काहीजण गोल कुंपणात घोड्याला दमेपर्यंत पळवतात आणि ते जवळ आलं की म्हणतात विश्वास बसला. माझं मत विचारशील तर दमून जवळ येणं आणि मनानं जवळ येणं यात फरक आहे आणि मी ते हरणीला करणार नाही.

आणि बाजू. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन अंगाला, जवळजवळ ३५० अंश दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या मागं काही दिसत नाही. म्हणून खांद्याकडनं जायचं, बोलत जायचं. आणि डावीकडनं शिकवलेलं उजवीकडनं परत पहिल्यापासनं शिकवावं लागतं, हे मला माहीतच नव्हतं. डावा कान आता ती स्वतः हातात देते, म्होरकीत नाक घालते. उजवा कान अजून नाही. वरातीत धरणारा बहुतेक उजवीकडनं कान पिळत असणार, मला असं वाटतं.

यंदा खुडूसला माउलींच्या पालखीचं रिंगण बघायला गेलो होतो. तुला आठवतं, आपण नववीत सायकलवर निघालो होतो आणि अर्ध्या वाटेतनं ट्रकवर चढलो? तेव्हा आपण माउलींचा अश्व किती जोरात पळतो तेवढंच बघितलं, टापांची माती कपाळाला लावली आणि आलो. या वेळी मी नुसते कान बघत होतो. चहूकडं एवढी माणसं, टाळ-मृदंग, पाठीवर स्वार नाही, आणि तरी तो अश्व स्वाराच्या अश्वामागं रिंगणात धावतो. कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच्याजवळ शांत उभं राहिलं असणार. घरी येऊन हरणीजवळ बराच वेळ नुसता बसलो, दोर पण हातात घेतला नाही.

खोगीर अजून घातलं नाही, बाबा विचारतात "बसणार कधी रे तिच्यावर", मी म्हणतो बघू. खरंच मला घाई नाहीये आता.

दिवाळीला येशील तेव्हा थेट शेतावर ये. परफ्युम मारून येऊ नको, चष्मा कपाळावर ठेव म्हणजे तिला तुझे डोळे दिसतील, आणि गेटापासनंच बोलत ये. आणि हो, डावीकडनं ये. उजवी बाजू तोवर होईल का माहीत नाही.

तुझाच

ता.क. आईनं शेंगाचटणी केलीय, कुरियरनं पाठवायलोय, पोचली की सांग.