अमिबाला साखरेचे कौतुक नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘बिनमेंदूचा हुशार’ हा लेख वाचला. अमिबासारख्या पेशी चक्रव्यूहातून वाट काढतात, हा प्रयोग मराठीत आला, याबद्दल मनापासून आभार. आभार इथेच संपतात, कारण लेखाखाली ‘घरी करून पाहा’ अशी एक चौकट आहे.

चौकट म्हणते, डबक्याच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घ्या, वर कव्हरस्लिप ही पातळ काच ठेवा, कडेला साखरेचा दाणा टाका आणि अमिबा साखरेकडे ‘धावताना’ पाहा. हा प्रयोग छापण्याआधी कुणी एकदा तरी करून पाहिला होता का? ज्याला तळ्यातला मोठा अमिबा म्हणतात, तो प्रोटियस फार झाले तर मिनिटाला दोनशे-तीनशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतो. १८ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपच्या मध्यापासून कडेपर्यंत ९ मिलिमीटर. मिनिटाला दोनशेच्या हिशेबाने, नाकासमोर चालला तरी पाऊण तास. तोवर सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याच्या उष्णतेने थेंब सुकलेला असतो. पण पोरांना काहीतरी धावताना दिसणार, हे मात्र खरे. साखर विरघळली की जड पाक तळाशी पसरतो, पाण्यात ओढ तयार होते आणि धूळ, शेवाळाचे तुकडे, मेलेले पॅरामेशियम सगळेच हलू लागते. त्यातलाच एखादा ठिपका ‘अमिबा’ म्हणून वहीत जाईल आणि त्याला दहापैकी नऊ गुण मिळतील.

खऱ्या अमिबाचे काय होते? साखर असो की मीठ, बाहेरचे पाणी दाट झाले की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. जादा पाणी बाहेर टाकण्यासाठी एरवी ठरावीक वेळाने भरून रिकामी होणारी संकोची रिक्तिका ही पिशवी मंदावते, छद्मपाद (चालण्यासाठी बाहेर काढलेले पायासारखे फुगवटे) आत घेतले जातात आणि अमिबा आकसून गप्प बसतो. म्हणजे ‘आवडीचा खाऊ’ म्हणून जे दिले, तो त्याच्या दृष्टीने छळ.

अमिबाची चालच पाहायची असेल तर साखर बाजूला ठेवा. नळाचे पाणी वापरू नका, क्लोरीन असते. १०० मिलिलिटर स्वच्छ तळ्याच्या पाण्यात गव्हाचे चार-पाच उकडलेले दाणे टाकून ताटलीत ठेवा. दाण्यांवर जिवाणू वाढतात, त्यांच्यावर चाबकासारख्या शेपटीने पोहणारे बारीक कशाभिकाधारी जीव आणि त्यांच्यावर अमिबा. दाणे जास्त झाले तर पाणी कुजते आणि सगळे मरते. बहुतेकांचे इथेच बिघडते. २० अंशांच्या आसपास ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोलीत हे जमत नाही. अमिबा तळाला असतो, म्हणून ड्रॉपर तळाशी नेऊनच थेंब उचला. कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे ठिपके लावा, नाहीतर काचेच्या भाराने अमिबा चिरडतो. पहिली पाच-दहा मिनिटे तो चांदणीसारखे हात पसरून नुसता तरंगेल. तो मेलेला नाही, अजून काचेला चिकटलेला नाही. उजेड कमी करा आणि वाट पाहा. मग मधले पातळ, कणीदार द्रव्य पुढे वाहताना, टोकाशी बाहेर वळून घट्ट काचेसारखे होताना आणि शेपटाकडे पुन्हा पातळ होताना दिसते. एवढे दिसले की दुपार सार्थकी लागते.

आता चित्राबद्दल. चक्रव्यूहात सोडलेल्या पेशी डिक्टिओस्टेलियम या, उपाशी पडला की हजारोंनी एकत्र जमणाऱ्या, मातीतल्या अमिबाच्या होत्या, एकेक जेमतेम १० मायक्रॉनची. तुम्ही छापले आहे पिवळेधमक फायसारम, जे एकच अवाढव्य, असंख्य केंद्रकांची पेशी असते आणि तळहातावर मावणार नाही एवढे पसरते. तेही चक्रव्यूह ‘सोडवते’, पण तो प्रयोग जपानच्या नाकागाकींचा, २००० सालचा, दोन टोकांना ओटचे दाणे ठेवून केलेला. दोघांनाही इंग्रजीत स्लाइम मोल्ड म्हणतात म्हणून फोटो चालून जातो असे नाही. मांजरीच्या लेखात वाघाचा फोटो कुणी लावत नाही.

आणि ‘हुशार’ या शब्दाने तर लेखातले खरे नवलच झाकले. उपाशी पेशी एकमेकींना बोलावण्यासाठी सायक्लिक एएमपी नावाचे रसायन सोडतात. डिक्टिओस्टेलियमच्या पेशीवर ते ओळखणारे हजारो रिसेप्टर असतात, आणि ते अंगभर सारखेच पसरलेले असतात, पुढे जास्त नाहीत. एका बाजूला दुसरीपेक्षा एक-दोन टक्के जास्त रेणू चिकटले की तेवढ्यावर पेशी दिशा ठरवते. त्या बाजूला पेशीच्या पडद्याच्या आतल्या अंगाला पीआयपी-३ हे लिपिड (मेदद्रव्य) साचते, उरलेल्या बाजूंना पीटेन नावाचे विकर ते मोडते. पुढे ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू फांद्या फोडत पडदा ढकलतात, मागे मायोसिन हे दुसरे प्रथिन आवळते. लॅट्रन्क्युलिन हे विष देऊन ॲक्टिन मोडले तर पेशी गोल गोळा होऊन जागीच बसते, तरीही पीआयपी-३ची कोर सिग्नलच्याच बाजूला उमटते. दिशा कळणे निराळे आणि पाय उचलणे निराळे, हे त्यावरून कळले. उलट, सगळीकडून एकसारखे भरपूर सायक्लिक एएमपी ओतले तर पेशी क्षणभर अंग चोरते आणि मग दिशाहीन भटकते. तिला हवा असतो चढ, म्हणजे एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त रसायन; नुसता साठा नव्हे.

ग्लासगोच्या संशोधकांनी २०२० मध्ये लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्टच्या बागेतल्या चक्रव्यूहाची सूक्ष्म नक्कल करून जे दाखवले ते हेच. चढ बाहेरून कुणी दिलेलाच नव्हता. पुढची पेशी आपल्याभोवतालचे रसायन मोडते, म्हणून मागे कमी, पुढे जास्त. चढ तिचा तिनेच केलेला. आखूड बंद गल्लीतले रसायन पेशी तोंडाशी येईपर्यंतच संपत आलेले असते, म्हणून ती तिकडे वळत नाही. गल्ली लांब असेल तर मात्र बरोबर फसते. मागून येणाऱ्यांना तर वाटेत काही उरतच नाही. लेखात यातले एक वाक्य नाही. ‘अमिबा विचार करतो’ हे मात्र तीनदा.

रसायनाच्या मागाने पेशी वळतात, हा शोधही २०२० चा नव्हे. शास्त्रज्ञ रेपर यांना डिक्टिओस्टेलियमची ही जात १९३३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या जंगलातल्या पालापाचोळ्यात सापडली. १९४७ मध्ये बोनर या शास्त्रज्ञांनी वाहत्या पाण्यात दाखवले, की जमलेल्या पेशींच्या गोळ्याच्या प्रवाहाखालच्या अंगाच्या पेशीच त्याच्याकडे वळतात, वरच्या अंगाच्या वळत नाहीत. म्हणजे काहीतरी पाण्यातून वाहत येते. ते सायक्लिक एएमपी, हे कळायला १९६७ उजाडले.

महाविद्यालयांसाठी चौकट द्यायची तर ही द्या. जिवाणूंवर वाढवलेल्या डिक्टिओस्टेलियमच्या पेशी फॉस्फेट बफरमध्ये हलक्या सेंट्रिफ्यूजवर तीनदा धुवा आणि बिनपोषणाच्या अगारवर २२ अंशांना ठेवा. उन्हाळ्यात गार तापमान राखणारा बीओडी इन्क्युबेटर लागेलच. धुण्यात कसर राहिली तर पेशी उरलेले जिवाणू खात बसतात, उपाशीच राहत नाहीत आणि जमतही नाहीत. नीट धुतल्या तर सहा तासांच्या आसपास एकत्र येणाऱ्या पेशींचे ओघळ दिसतात, दिवसभरात देठावरचे बीजाणू. पोटभर खाल्लेल्या पेशींवर सायक्लिक एएमपी टाकून ‘काही होत नाही’ म्हणू नये. तेव्हा त्या फॉलिक ॲसिडकडे वळतात, कारण ते जिवाणूंकडून येते.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. केरळमधल्या ‘मेंदू खाणाऱ्या अमिबा’च्या बातमीखाली तुम्ही ‘पाणी उकळून प्या’ असा सल्ला छापला होता. नेग्लेरिया, म्हणजे हाच अमिबा, पोटातून जात नाही, नाकातून जातो. दूषित पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. कोमट गोड्या पाण्यात सूर मारताना नाक चिमटीत धरा, हे सांगायला हवे होते. आणि तुमच्याच योगविषयक सदरात जलनेतीसाठी नुसते ‘कोमट पाणी’ लिहिले आहे. तिथे ‘एक मिनिट खळखळून उकळून मग कोमट केलेले’ अशी दुरुस्ती पुढच्या अंकात, त्याच पानावर आणि त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, मिरज