बाबांचा टू-डी इको आणि आईची कढई

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर हा विषय पुढे सरकतच नाही. बाबा "हं, हं" करून फोन आईच्या हातात देतात आणि आई लगेच फराळावर येते. म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा.

तुमचा टू-डी इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, मी नीट बघितला. ग्रुपवर मामांनी "हार्ट वीक झालंय" असं लिहून टाकलं, मावशीने उपास सुचवला आणि तुम्ही दुसऱ्या दिवसापासून खाली उतरणंच बंद केलंत. आई सांगत होती, पेपरसुद्धा वॉचमनकडून वर मागवता. आता रिपोर्टात काय आहे ते माझ्याकडून ऐका, कारण मी दिवसभर तेच करते.

पहिली ओळ, ईएफ ६० टक्के. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरतो त्यातलं साठ टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर फेकतो. शंभर टक्के कुणाचंच नसतं, पंचावन्न ते सत्तर म्हणजे ठणठणीत. तेव्हा "चाळीस टक्के गेलं" हा मामांचा हिशोब आधी डोक्यातून काढा. दुसरी ओळ, जिने तुम्ही घाबरलात, "ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन". डाव्या कुशीवर झोपवून, छातीला गार जेल लावून आम्ही प्रोब फिरवतो तेव्हा रक्त कप्प्यात शिरताना स्क्रीनवर दोन उंचवटे दिसतात. हृदय सैल पडलं की रक्त आपोआप आत येतं, तो पहिला. मग वरचा कप्पा आकसून उरलेलं खाली ढकलतो, तो दुसरा. तरुणपणी पहिला उंच असतो. तुमचा दुसरा उंच झालाय. म्हणजे ठोका मारून झाल्यावर हृदय सैल पडायला थोडा जास्त वेळ घेतंय, बाकी काही नाही. साठीच्या पुढच्या माणसाच्या रिपोर्टात ही ओळ दिसली नाही तर मीच पुन्हा प्रोब लावून बघते, इतकी ती नेहमीची आहे.

नेहमीची आहे म्हणून सोडून द्यायची असं मात्र नाही. भराभर चाललं की ठोके वाढतात आणि दोन ठोक्यांमधला भरायचा वेळ कमी होतो. मग सावकाश सैल होणारं हृदय पुरतं भरत नाही आणि दम लागतो. दादरच्या पुलावर तुम्ही मध्येच थांबून मोबाईल बघायचं नाटक करता ना, ते यामुळे असू शकतं. आणि यावर तुम्ही उपाय काय काढलात, तर खुर्ची.

१९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं होतं. उठल्यावर त्यांचा दमसास पार खाली आलेला. तीस वर्षांनी तीच पाच माणसं पन्नाशीत पुन्हा तपासली. तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. मग सहा महिने बेताबेताने व्यायाम दिला तर दमसास पुन्हा विशीतल्या पातळीवर आला. हृदयाला आराम द्यायचा म्हणून बसून राहणारे माझ्याकडे रोज येतात. तुम्हाला त्या रांगेत बघायची माझी अजिबात इच्छा नाही.

आणि तुम्ही तर बेस्टचे कंडक्टर! हालचाल आणि हृदय यांच्या नात्याच्या शास्त्राची सुरुवातच तुमच्या भाऊबंदांपासून झाली. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकरवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस तीच, रस्ता तोच. ड्रायव्हर बसून आणि कंडक्टर दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणार. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला, आणि ज्यांना झाला त्यांना उशिरा आणि सौम्य. नंतर मॉरिसनी गणवेशाची मापंसुद्धा काढून बघितली, तर ड्रायव्हरांच्या विजारी भरतीच्या वेळीच कमरेला मोठ्या होत्या. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही, आणि हे त्यांनी स्वतःच छापलं. ते गृहस्थ ९९ वर्षं जगले. आपल्याकडे डबलडेकरला वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर असायचे, त्यामुळे लंडनएवढे जिने तुमच्या वाट्याला आले नसतील. पण गर्दीतून तिकिटाची पेटी सांभाळत आठ तास उभं राहणं काय कमी होतं? त्यावर आपल्या चाळीचे तीन मजले. चाळीचा टॉवर झाला, लिफ्ट आली, तुम्ही रिटायर झालात आणि तुमची सगळी हालचाल एकदमच गेली. जेवण मात्र ड्युटीवरच्या माणसाचंच राहिलं.

आई, आता तुझी पाळी. रागावू नकोस.

हृदय मुळात चरबीवरच चालतं. त्याला लागणाऱ्या शक्तीतला साठ-सत्तर टक्के भाग चरबी जाळूनच येतो, त्यामुळे वरणभातावरचं तूप म्हणजे विष वगैरे मी म्हणणार नाही. जळते त्यापेक्षा जास्त येत राहिली की बिघडतं. ती हृदयाच्या पेशींत साठते, इन्सुलिनचं चालेनासं होतं, पेशींना शक्ती पुरेनाशी होते. आणि सैल पडायलाही हृदयाला शक्ती लागते. आकसण्यासाठी पेशीत आलेलं कॅल्शियम दर ठोक्याला पुन्हा जागेवर ओढून न्यावं लागतं, ते फुकट होत नाही. म्हणून प्रयोगशाळेत उंदरांना भरमसाट चरबीचं खाणं दिलं की पुष्कळदा ईएफ चांगला राहतो आणि सैल पडणं आधी बिघडतं. त्याच खाण्यावरच्या उंदरांना रोज ट्रेडमिलवर पळवलं तर बिघाड कमी होतो. कमी होतो, पुसला जात नाही. उंदरांच्या त्या खाण्यात पुष्कळदा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त उष्मांक चरबीचे असतात, तेवढं आपल्या घरात कुणी खात नाही, आणि उंदीर म्हणजे बाबा नव्हेत. तरी "संध्याकाळी फिरून येऊ, मग दोन वडे चालतील" हा तुमचा दोघांचा जुना हिशोब यात बसत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप बैठ्या माणसाला दिवसाला २० ते २५ ग्रॅम तेल-तूप असं आहे, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. दोघांचं महिन्याला दीड लिटरच्या आसपास होतं, तूप धरून. तुझा पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो ते तूच बघ, मला सांगू नकोस. मी काय बंद करायला सांगत नाहीये, फक्त थोडं इकडचं तिकडे. बोंबील रव्यात घोळवून तळतेस ते आठवड्यात एकदा कर. बांगडा मात्र तिखल्यात किंवा तव्यावर चमचाभर तेलात, हवा तेवढा. त्याच्यातली चरबी हृदयाला चांगली. खोबरं वाटपात असू दे, पण वाटपही तेलात परतायचं, वर फोडणी आणि त्यावर तर्री, हे तिहेरी नको. नाक्यावरचं फरसाण बहुधा पामतेलात तळलेलं असतं, त्यातली जवळपास निम्मी चरबी तुपातल्यासारखी थिजणारी. त्यापेक्षा तुझे चिवड्यातले भाजलेले दाणे बरे. आणि ओट्याच्या कोपऱ्यात गाळणी ठेवून तळणीचं काळपट तेल साठवतेस ना, खाली चकलीचा चुरा बसलेलं, ते भांडं या दिवाळीत तरी रिकामं कर. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की खराब होतं, हे तुला वासावरून माझ्याआधी कळतं.

चालणं दोघांनी करायचंय. डॅलसच्याच डॉक्टरांनी ४५ ते ६४ वयाच्या, व्यायामाची सवय नसलेल्या माणसांना दोन वर्षं आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम दिला. २०१८ साली ते छापून आलं. त्यांच्या हृदयाचा कडकपणा खरोखर कमी झाला होता. पासष्टीच्या पुढच्या लोकांना मात्र वर्षभर कसून व्यायाम देऊनही कडकपणा तसाच राहिला, दमसास तेवढा वाढला. म्हणजे बाबा, तुमचं हृदय पुन्हा विशीतलं होईल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण पूल न थांबता चढता येईल, कारण रक्तवाहिन्या आणि पायांचे स्नायू या वयातही शिकतात. आई, तू अजून बासष्टची आहेस. तुला सगळाच फायदा आहे, आणि तू स्वयंपाकघर ते बाल्कनी यालाच फिरणं म्हणतेस.

फाइव्ह गार्डनला जा. झाडं आहेत, बसायला बाकं आहेत, नायगावहून फार लांब नाही. ऑक्टोबरचं ऊन चढायच्या आत. आधी दहा-पंधरा मिनिटं, मग वाढवत अर्ध्या तासावर, आठवड्यातून पाच दिवस. वेग एवढाच की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. चालायला लागण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवा, आणि बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका. चालताना छातीवर दडपण आलं, जबडा किंवा हात दुखायला लागला, घाम फुटला किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून १०८ ला फोन. गॅस असेल म्हणून सोडा पीत बसायचं नाही.

भाऊबीजेला मी दोन दिवस आधीच येते. पहाटे तुमच्या बरोबर चालेन, तेव्हा कोण थांबून मोबाईल बघतं ते कळेल.

तुमची,
ताई

ता. क. : आई, चकल्या माझ्यासाठी ठेव. बाबांना दोन, मोजून. आणि ग्रुपवरचा तो रिपोर्टचा फोटो आधी काढून टाका, मामा अजून त्यावर लिहितायत.