काशी-गयेच्या तिकिटाबद्दल

पुणे

ती. आई-बाबा,
नमस्कार.

फोनवर हे सांगायला घेतलं की बाबा नुसते "हो हो" करतात, आई मागून म्हणते, "महाग पडत असंल तर राहू दे बाप्पा", आणि तेवढ्यात रेंज जाते. म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवते आहे. कागद जपून ठेवा, नागपूरला खिडकीवर दाखवायला कामी येईल.

दादानं बाबांच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवला होता. नागपूर ते प्रयागराज, प्रयागराज ते काशी, काशी ते गया, गया ते हावडा, हावड्याहून परत नागपूर. पाच टप्पे, पाच तिकिटं आणि खाली बेरीज. बेरीज बरोबर आहे बाबा, पण पाच तिकिटं घ्यायचीच नाहीत.

रेल्वेचं भाडं सरळ किलोमीटरच्या हिशेबानं वाढत नाही. अंतर जसं वाढतं तसा पुढच्या किलोमीटरचा दर उतरत जातो. साखरेचं पोतं आणि पावशेरची पुडी यांच्या भावात जो फरक, तोच इथे. प्रवासाचे तुकडे केले की प्रत्येक तुकड्याचं भाडं पुन्हा सगळ्यात चढ्या दरापासून सुरू होतं. त्यात आणखी एक खोच आहे. मेल-एक्स्प्रेसच्या स्लीपरला कमीत कमी २०० किलोमीटरचं भाडं लागतंच. प्रयागराज ते काशी अंतर सव्वाशेच्या आसपास, पण स्लीपरचं सुटं तिकीट घेतलं तर पैसे २०० किलोमीटरचे मोजावे लागणार. आमच्या ऑफिसातला एकजण इंग्लंडात राहून आला आहे. तो सांगतो की तिकडे लोक एकाच प्रवासाची तिकिटं मुद्दाम तुकड्यातुकड्यांत काढतात आणि ती स्वस्त पडतात. आपल्याकडे नेमकं उलटं.

तुमच्यासाठी खरी सोय आहे ती सर्क्युलर जर्नी तिकिटाची, म्हणजे चक्राकार प्रवासाच्या तिकिटाची. जिथून निघालो तिथेच परत यायचं आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. तुम्हाला चारच ठिकाणी उतरायचं आहे. या तिकिटाचं भाडं कसं काढतात तेही बघा. पूर्ण फेरीचं अंतर मोजायचं, त्याचे दोन सारखे भाग करायचे आणि दोन लांब एकेरी तिकिटांचं भाडं लावायचं. तुमची फेरी अठ्ठावीसशे किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे पाच तिकिटांऐवजी चौदाशे-चौदाशेच्या दोन तिकिटांचे पैसे. मुदतही ऐसपैस मिळते. प्रवासासाठी ४०० किलोमीटरला एक दिवस आणि मुक्कामासाठी २०० किलोमीटरला एक दिवस धरतात. त्या हिशेबानं तीन आठवडे होतात, तुम्हाला लागतील त्याहून जास्तच.

हे तिकीट मोबाइलवर निघत नाही. आधी एका अर्जात मार्ग लिहून द्यायचा: नागपूर, इटारसी, जबलपूर, प्रयागराज, वाराणसी, गया, हावडा, बिलासपूर, नागपूर. हा अर्ज रेल्वेच्या विभागीय वाणिज्य व्यवस्थापकाकडे द्यायचा असतो. मध्य रेल्वेचं डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिस नागपूरला किंग्जवेवर आहे, दादाला माहीत आहे. मार्ग मंजूर झाला की तिकीट मिळतं आणि त्या तिकिटावर प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करायचं असतं. आरक्षणाचे स्लीपरला माणशी २० रुपये आणि गाडी सुपरफास्ट असली तर ३० रुपये, हे प्रत्येक टप्प्याला वेगळे लागतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. (पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून ६० केले.) म्हणून शेवटचा, हावडा ते नागपूर टप्पासुद्धा ६० दिवसांच्या आत आला की जायचं. तसं केलं तर पाचही आरक्षणं एकाच चकरेत उरकतील, नाहीतर दादाला दोनदा रजा टाकावी लागेल.

खिडकीवरचा बाबू "असं तिकीट मिळत नाही" म्हणू शकतो, कारण हल्ली ते मागतं कोण? वाद घालू नका. आरक्षण सुपरवायझरकडे जा.

तरीही नाहीच जमलं तर दुसरा मार्ग आहे, तोही लिहून ठेवते. १००० किलोमीटरच्या वरचं साधं एकेरी तिकीट असलं तर वाटेत दोनदा उतरता येतं. दर ठिकाणी दोन दिवस, उतरण्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून. फक्त पहिला मुक्काम ५०० किलोमीटर झाल्याशिवाय घेता येत नाही. नागपूरहून प्रयागराज ९०० च्या आसपास आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही. म्हणून नागपूर ते गया एकच तिकीट मागायचं, "व्हाया प्रयागराज, वाराणसी" असं सांगायचं आणि दोन्हीकडे ब्रेक जर्नी, म्हणजे वाटेत उतरून मुक्काम, हवी हे तिकीट काढतानाच बोलायचं. उतरल्यावर स्टेशनात तिकिटावर तशी नोंद करून घ्यायची. बाबा लगेच म्हणतील, मग गया ते नागपूरही एकच तिकीट काढू आणि मधे हावड्याला उतरू. ते होत नाही. गया ते हावडा ४५८ किलोमीटर आहे, ५०० ला थोडंसंच कमी. म्हणून तिथून पुढची तिकिटं दोन: गया-हावडा आणि हावडा-नागपूर. पाचाची तीन झाली, तेही वाईट नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीची वाट पाहू नका. पुरुषांना ६० नंतर ४० टक्के आणि बायांना ५८ नंतर ५० टक्के सूट होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. तिरुपतीच्या वेळी तुम्हाला मिळाली होती, म्हणून बाबा वहीत अजून अर्धं भाडं धरून राहिले आहेत, ते खोडा. खालच्या बर्थचा कोटा मात्र अजून आहे आणि त्याचे जादा पैसे पडत नाहीत. इथेच शेजारच्या काका-काकूंचा प्रश्न येतो. तेही येणार हे ऐकून बरं वाटलं, पण चौघांची नावं एका फॉर्मवर लिहू नका. तो कोटा एकट्या ज्येष्ठाला किंवा दोघांना मिळतो. चौघं एकत्र लिहिली की कॉम्प्युटर कोटा धरत नाही, आणि मग आईला गुडघे घेऊन वर चढावं लागेल. दोन वेगळे फॉर्म भरायचे. वेगवेगळ्या डब्यांत आले तरी चालेल, रात्री कोण गप्पा मारणार आहे?

वेटिंग मिळालं तर घेऊ नका, तारीख पुढेमागे करा. आता वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसू देत नाहीत. तत्काळचाही विचार नको. जादा पैसे जातात, ज्येष्ठांचा कोटा नसतो, आणि कन्फर्म तिकीट रद्द केलं तर काहीच परत मिळत नाही.

तारखेचं माझं मत असं. कापूस-तूर आटोपली की लगेच निघायचं असं तुम्ही ठरवलं आहे, पण तेव्हा प्रयागराजला माघमेळा असतो आणि पाठोपाठ काशीला महाशिवरात्र. त्यानंतर होळीपर्यंत उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांत मुंगी शिरायला जागा नसते, सगळी कामगार मंडळी गावाला निघालेली असतात. म्हणून होळी घरी करा, धुळवडीनंतर दोन-तीन दिवसांनी निघा आणि पाडव्याला गुढी उभारायला घरी या. अकरा-बारा दिवस मिळतात, आणि ऊनही तोवर अंगावर येत नाही. गयेला पिंडदान बाराही महिने होतं, पितृपक्षच लागतो असं नाही.

नागपूरहून जबलपूरमार्गे जाणाऱ्या गाड्या बहुतेक प्रयागराज जंक्शनला न जाता छिवकीला थांबतात. ते स्टेशन यमुनेच्या अलीकडे, नैनीच्या बाजूला आहे. सिकंदराबाद-दानापूर गाडी तशीच जाते. छिवकीला उतरून ऑटोनं संगमावर जाता येतं, पण काशीची गाडी कुठून आहे ते तिकिटावर नीट पाहून घ्या. काशीजवळच्या मुगलसरायचं नाव २०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन आहे आणि काशीतलं मंडुआडीह आता बनारस झालं आहे. वाराणसी जंक्शन वेगळं आणि बनारस वेगळं, रिक्षावाल्याला सांगताना गडबड होते.

येताना गीतांजली किंवा हावडा मेल घ्या. मेल रात्री सुटते, त्यामुळे शेवटचा दिवस कलकत्त्यात मोकळा मिळतो आणि एका रात्रीच्या लॉजचे पैसे वाचतात. दुरांतोच्या फंदात पडू नका. तिच्यात जसजशा जागा भरतात तसं भाडं चाळीस टक्क्यांपर्यंत चढतं.

आता बाबांसाठी. प्रयागराज-काशी आणि काशी-गया हे टप्पे दिवसा करा, काही तासांचे तर आहेत. तिथे गर्दीत बसलात तरी मी काही म्हणणार नाही. पण नागपूर-प्रयागराज आणि हावडा-नागपूर या रात्रींना जनरलचं नाव काढायचं नाही. "आम्ही पंढरपूरला उभ्यानं गेलो होतो" हे मला माहीत आहे. तेव्हा तुमचं वय काय होतं ते आईला विचारा. सर्क्युलर तिकिटात जे वाचेल ते गयेच्या मुक्कामाला आणि चहाला खर्च करा. मुक्कामासाठी स्टेशनातल्या रिटायरिंग रूम तिकिटाच्या पीएनआरवर मिळतात, त्या दादा आधीच बुक करेल. गयेत भारत सेवाश्रम संघाची धर्मशाळा आहे. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवायचं तर कुलूप लावलेली बॅगच घेतात, म्हणून त्या नायलॉनच्या पिशव्या घरीच ठेवा. कुलूप असलेली निळी बॅग काढा.

आर्वी ते नागपूर एसटीनं जा, गाडी करू नका. आईला महिला म्हणून अर्धं तिकीट आहे आणि बाबांना ६५ च्या वरचे म्हणून अर्धं. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा, कंडक्टरनं मागितल्यावर बंडीच्या आतून काढत बसू नका. आर्वीहून पुलगावला जाणारी छोटी गाडी असती तर बाबांनी तिकडूनच नेलं असतं, मला खात्री आहे.

काका-काकूंची नावं आणि वयं आधारवर आहेत तशीच लिहून कार्डांचे फोटो दादाला पाठवा. काकूंचं लग्नाआधीचं नाव कार्डावर अजून तसंच आहे असं आई म्हणाली होती, तर फॉर्मवरही तेच लिहायचं. आणि आई, दशम्या दोन दिवसांच्याच कर. मागच्या वेळी तिरुपतीहून अर्ध्या परत आल्या होत्या.

तुमची
धाकटी