बाबा, गँग कंडेन्सर आठवतोय ना?

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "रात्रभर उशा लावून बसायलेत, विचारलं की काही नाही म्हणायलेत." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. पोळ्यालाही असंच झालं होतं. बाबांच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ मी पाहिला होता. बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहिला. दोन दिवसांनी रात्री अडीचला सेलूहून गाडी करून संभाजीनगर गाठावं लागलं.

बाबा, छातीत पाणी एका रात्रीत झालं नव्हतं. हृदयाचं काम नीट होईनासं झालं (डॉक्टर त्याला हार्ट फेल्युअर म्हणतात) की फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब कित्येक दिवस आधीपासून वाढत असतो. दम लागतो तो अगदी शेवटी.

हा दाब घरबसल्या मोजणारं एक यंत्र आहे, कार्डिओमेम्स. त्याबद्दल वाचताना तुमचं दुकान डोळ्यांसमोर आलं. लांबी जेमतेम १५ मिलिमीटर, ना बॅटरी, ना वायर. आत एक कॉइल आणि एक कंडेन्सर, बस. तुम्ही रेडिओची गुंडी फिरवायचात, गँग कंडेन्सरची पानं सरकायची आणि परभणी केंद्र लागायचं. इथे गुंडी फिरवतो तो रक्ताचा दाब. दाब बदलला की कंडेन्सर बदलतो आणि फ्रिक्वेन्सी सरकते. पेशंटनं रोज अँटेना बसवलेल्या उशीवर थोडा वेळ पडायचं. उशीतून येणाऱ्या लहरींवरच ते चालतं आणि आकडा डॉक्टरांकडे पोचतो. जांघेतल्या शिरेतून बारीक नळीनं ते आत सोडतात, छाती उघडावी लागत नाही. बॅटरीच नाही, म्हणून ती बदलायला पुन्हा टेबलावर जाणंही नाही.

अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी ५५० पेशंटवर चाचणी झाली, ती मला फार महत्त्वाची वाटते. यंत्र सगळ्यांनाच बसवलं होतं, पण निम्म्यांचेच आकडे डॉक्टरांना दिसत होते. सहा महिन्यांत त्या निम्म्यांचं हार्ट फेल्युअरसाठी भरती होणं इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी भरलं. म्हणजे गुण आला तो आकडा डॉक्टरांना कळून गोळ्या वेळेवर बदलल्या म्हणून. बाबा, तुम्ही "काही नाही" म्हणता तेव्हा तुमचा आकडा आमच्यापासून झाकला जातो.

असलं काही तुम्हाला लागेल का, ते डॉक्टर सांगतील. पुढच्या तपासणीला मी सोबत येऊन विचारणार आहे. पण रात्री बसून राहावं लागतंय हे मात्र आजच त्यांना कळवा.

वजनकाटा पाठवला आहे. दाबाइतक्या लवकर तो सांगणार नाही, तरी बऱ्याचदा दम लागायच्या आधी सांगतो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी उभं राहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन, रात्र असली तरी. आई, खारोड्या आणि लोणचं काही दिवस फडताळातच राहू दे. वहीत आकडा तू लिही.

काटा गुरुवारी पोचेल. शुक्रवारी सकाळी सहाला फोन करते, पहिला आकडा बाबांनी स्वतः सांगायचा.

तुमची लेक