बॉलकडे बघू नकोस

प्रिय मैत्रिणीस,
(असं लिहिलं की शाळेच्या पेपरातलं पत्र वाटतं, पण असू दे.)

परवा फोनवर तू म्हणालीस ना की बायकांचं वॉटर पोलो लावलं आणि दहा मिनिटांत बंद केलं, नुसत्या टोप्या दिसतात आणि सारखी शिट्टी वाजत असते, तेव्हाच ठरवलं होतं की हिला सविस्तर लिहायचं, मेसेजमध्ये हे मावणार नाही. अगं तू बॉलकडे बघत बसलीस, तिथेच सगळा घोळ. बॉल सोड. गोलच्या समोर दोन-तीन मीटरवर एक जण गोलकडे पाठ करून असते आणि तिच्या मानगुटीवर दुसऱ्या टीमची एक जण बसलेली असते, त्या दोघींकडे बघ. ती पुढची म्हणजे सेंटर. पूल दोन मीटरच्या आसपास खोल, तळाला पाय टेकायचे नाहीत, त्यामुळे मांड्यांपासून पाय उलटसुलट गोल फिरवत राहायचं आणि त्याच जोरावर कमरेपर्यंत पाण्याबाहेर यायचं, तेही कोणीतरी स्विमसूट धरून खाली ओढत असताना! मॅचआधी रेफ्री सगळ्यांची नखं तपासतात, यावरून काय ते समज.

आता शिट्टीचं. बहुतेक शिट्ट्या साध्या फाउलच्या असतात, बॉल लगेच पुन्हा खेळात येतो, तिकडे लक्षच देऊ नकोस. पण बॉल हातात नसताना सेंटरला मागे खेचलं किंवा बुडवलं की ती बचाव करणारी बाहेर (याला म्हणतात एक्सक्लूजन, पॅरिस 2024 च्या वेळी 20 सेकंदांचं होतं), मग गोलकीपर सोडून सहा विरुद्ध पाच, आणि खरे गोल तिथे होतात. असं तीनदा झालं की ती पूर्ण मॅचमधूनच गेली. म्हणून सेंटरचं अर्धं काम गोल मारायचं नसतंच, समोरचीला चूक करायला लावायचं असतं, आणि हो, नाटकंही भरपूर चालतात, बुडत नसताना बुडाल्यासारखं करतात, मला ते अजिबात आवडत नाही पण चालतं.

हे लक्षात ठेवून पॅरिस 2024 चं ऑलिंपिक बघ. तिथलं स्पेन! 2012 ला लंडनची फायनल अमेरिकेकडून 8-5 हरले, टोकियोत पुन्हा फायनल, पुन्हा अमेरिका, यावेळी तर 14-5. लाउरा एस्तेर, आनी एस्पार, पिली पेन्या आणि सेंटरला खेळणारी माइका गार्सिया, या चौघी लंडनलाही होत्या आणि पॅरिसलाही. बारा वर्षं गं! इतकी वर्षं रोज त्या पाण्यात मार खायचा म्हणजे काय असेल. सेमीफायनलला तर कहरच, एकाच दिवशी दोन्ही सेमी पेनल्टी शूटआउटला गेल्या, ऑस्ट्रेलियाने अमेरिकेला 14-13 ने बाहेर काढलं आणि स्पेनने नेदरलँड्सला 19-18 ने. फायनलला स्पेन 11, ऑस्ट्रेलिया 9. झालं एकदाचं गोल्ड.

आणि एवढं झाल्यावर लोकांनी काय केलं, तर त्यांच्याच पाउला लेइतोनला तिच्या शरीरावरून ऑनलाइन वाट्टेल ते बोलले. ती पण सेंटरच आहे. वर सांगितलं ते काम काटकुळ्या मुलीने कसं करायचं ते या मंडळींनी एकदा पाण्यात उतरून दाखवावं, माझं तर डोकंच फिरलं होतं ते वाचून.

पैशाची गंमत वेगळीच. सलग तीन ऑलिंपिक गोल्ड घेतलेली अमेरिकेची टीम, आणि त्यांची तेव्हाची कॅप्टन मॅगी स्टेफन्सने इन्स्टाग्रामवर लिहिलं की आमच्यातल्या बऱ्याच जणी पोट भरायला दुसरी, तिसरी नोकरी करतात. ते वाचून कोण धावून आलं तर फ्लेवर फ्लेव, तो गळ्यात भलंमोठं घड्याळ घालणारा रॅपर! पाच वर्षांची स्पॉन्सरशिप दिली आणि पॅरिसला येऊन स्टँडमधून ओरडत पण होता. मला तो माणूस एकदम आवडून गेला. तसं बघितलं तर पुरुषांचं वॉटर पोलो ऑलिंपिकमध्ये 1900 पासून आहे आणि बायकांना मिळालं थेट 2000 ला सिडनीत, तिथे यजमान ऑस्ट्रेलियाने अमेरिकेला 4-3 हरवलं, यव्हेट हिगिन्सचा गोल आला तेव्हा दोन सेकंदही उरले नव्हते. पॅरिसलासुद्धा पुरुषांच्या 12 टीम आणि बायकांच्या 10. का, ते विचारू नकोस, मी पुन्हा सुरू होईन.

तर आता काम सांगते. फायनल नंतर बघ, आधी ब्राँझची मॅच लाव, नेदरलँड्स विरुद्ध अमेरिका. 11-10, आणि तो अकरावा गोल सब्रिना फान डर स्लोटने अगदी शेवटच्या सेकंदाला मारला. सिडनीपासून अमेरिका एकदाही मेडलशिवाय परतली नव्हती, ती त्या गोलमुळे परतली. (रिझल्ट सांगून टाकला, पण बघण्यासारखं गोलसमोर आहे ना, स्कोअरमध्ये नाही.) आवाज बंद कर हवं तर, शिट्टीचा त्रास नाही होणार. आणि बघून झालं की फोन कर, मेसेज नको, मला विचारायचंय की अमेरिकेच्या कुठल्या एक्सक्लूजनला तू रेफ्रीला शिव्या घातल्यास.

तुझीच