माहेरचे कप

कॉव्हेंट्री, इंग्लंड,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

भाजणी पोचली. डबा उघडला आणि घरभर तुमच्या स्वयंपाकघराचा वास पसरला. चकल्या पुढच्या शनिवारी करीन. आज बसलेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

तीन तारखेला इथल्या अभिनेत्री पॅट्रिशिया राऊटलेज गेल्या. चिचेस्टरला राहत होत्या, वय ९६. तुला नाव आठवणार नाही, पण चेहरा आठवेल. २०१४ च्या उन्हाळ्यात तू तीन आठवडे माझ्याकडे होतीस, तेव्हा आपण रात्री जेवणं आटोपून एक जुनी मालिका लावायचो. फुलाफुलांचा झगा, हातमोजे, डोक्यावर हॅट आणि फोन उचलल्या उचलल्या लांबलचक सुरात घराचं नाव सांगणारी बाई. 'कीपिंग अप अपिअरन्सेस'. तू तीनच भाग पाहिलेस आणि म्हणालीस, "बहिणींची लाज वाटणारी बाई बघून मला हसू येत नाही." तुझ्या घरात बहिणींसाठी काय काय झालंय ते मला माहीत होतं, म्हणून मी बोलले नाही. टीव्ही बंद केला आणि आपण झोपलो. पण तुझं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. बातमी ऐकल्यापासून रोज वाटतंय की आता तरी सुनंदाला उत्तर द्यावं.

तू जे पाहिलं नाहीस ते आधी सांगते. ही मालिका बीबीसीवर २९ ऑक्टोबर १९९० ला सुरू झाली आणि १९९५ च्या नाताळच्या दिवशी संपली. पाच पर्वं आणि नाताळचे खास भाग धरून एकूण ४४ भाग. लिहिली रॉय क्लार्क यांनी. हा माणूस लेखक होण्याआधी शिक्षक होता, पोलिसातही होता, म्हणजे लोकांच्या दारात उभं राहून घरातलं बोलणं ऐकलेला. मला वाटतं ते त्याच्या लिहिण्यात उतरलंय.

राऊटलेज यांनी केलेल्या त्या बाईचं नाव हायसिंथ. नवरा रिचर्ड, त्याचं आडनाव बकेट, म्हणजे चक्क बादली. पण ती ते 'बुके' असं उच्चारते, फुलांचा गुच्छ असतो ना, तसं. पोस्टमन, दूधवाला, चर्चचे पाद्री, कुणीही 'मिसेस बकेट' म्हटलं की ती त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करते. माहेरच्या चारही बहिणींची नावं फुलांची आहेत: हायसिंथ, डेझी, रोझ आणि व्हायोलेट. आपल्याकडे हायसिंथ म्हटलं की पंचगंगेवर पसरलेली जलपर्णीच डोळ्यांसमोर येते, पण इथलं हायसिंथ वेगळं. वसंतात कंदातून उगवतं, निळं-जांभळं, आणि वास इतका दाट की खोलीत एक कुंडी ठेवली तरी पुरे. नाव अगदी शोभतं तिला.

डेझी सरकारी वसाहतीतल्या घरात राहते. तिचा नवरा ऑन्स्लो बनियनवर बसलेला असतो, हातात बिअर, डोळे टीव्हीवर, आणि टीव्ही थापटल्याशिवाय चालू होत नाही. रोझ तिथेच राहते, तिची प्रेमप्रकरणं संपत नाहीत. म्हातारे वडीलही त्याच घरात, भ्रमिष्ट झालेले, सारखे कुठेतरी निघून जाणारे. चौथी बहीण व्हायोलेट श्रीमंत. तिचा फोन आला आणि शेजारी कुणी असलं की हायसिंथ मोठ्यांदा सांगणार, ही माझी बहीण व्हायोलेट, जिच्याकडे मर्सिडीज आहे, पोहण्याचा तलाव आहे आणि तट्टू बांधायला जागा आहे. फोनवर व्हायोलेट मात्र रडत असते, कारण त्या घरात नवरा-बायकोचं पटत नाही. बडा घर पोकळ वासा.

आता तुझ्या वाक्याकडे येते. बहिणींची लाज वाटते, हे खरं. डेझीच्या घरी जायचं तर हायसिंथ आधी रस्ता न्याहाळते, कुणी ओळखीचं नाही ना. अंगणात एक मोडकी गाडी पडलेली आहे, तिच्यात कुत्रा असतो. तो भुंकला की ही दचकते, हॅटसकट. ते फाटक, ते गवत, ते सगळं तिला नकोसं होतं. पण सुनंदा, ती जाते. भागांमागून भाग ती जाते. वडील हरवले असा फोन आला की तिच्या घरी कितीही मोठे पाहुणे येणार असोत, ती रिचर्डला गाडी काढायला लावते. पाहुण्यांना काहीतरी थाप मारते, रस्ताभर नवऱ्याला "त्या माणसाकडे लक्ष दे" म्हणत हैराण करते, पण पोचते. रोझचं कुणी मन मोडलं तरी पोचते. ज्याला खरोखर नातं तोडायचं असतं तो आपला फोन नंबर बदलतो. हायसिंथचा नंबर सगळ्यांना पाठ आहे.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो शेजारच्या एलिझाबेथचा कॉफीचा प्रसंग. तो बऱ्याच भागांत येतो. ही एलिझाबेथ साधी, भली बाई, नवरा परदेशी नोकरीला. हायसिंथ तिला कॉफीला बोलावते आणि पुढ्यात रॉयल डॉल्टनचे कप ठेवते, हाताने रंगवलेल्या निळ्या पेरिविंकलच्या फुलांचे. आपल्या सदाफुलीच्या कुळातलं फूल ते. एलिझाबेथ घराबाहेर अगदी ठीक असते. त्या खुर्चीत बसली की तिच्या हाताला कंप सुटतो. कप बशीवर आधी हलकेच किणकिणतो, मग तो आवाज वाढत जातो. हायसिंथची नजर कपावर, एलिझाबेथचीही कपावर, आणि दोघी बोलतायत तिसरंच काहीतरी. कॉफी सांडते किंवा कप फुटतो. जोसेफिन ट्यूसन या बाईंनी ते इतकं खरं केलंय की मी अजूनही तो प्रसंग पाहताना स्वतःच्या हातातला चहा खाली ठेवते.

तुला कळलं असेल मी कुठे चालले आहे ते. तुमचे कप.

अक्काला पाहायला जयसिंगपूरचे पाहुणे आले तो दिवस. आपण दोघी दहा वर्षांच्या. आमच्या घरी स्टीलचे पेले आणि कान गेलेले दोन कप. आईने मला मागच्या दाराने तुमच्याकडे पिटाळलं आणि काकूंनी कपाटातले सहा कप, सहा बश्या पंच्यात गुंडाळून दिल्या. पांढरे, कडेला बारीक निळी वेल. "पदराखालून ने," काकू म्हणाल्या, आणि मी फ्रॉक घातला होता. तूच पुढे चालत आलीस, आडोसा म्हणून.

पोहे झाले, चहा आला. मुलाच्या आईने चहा संपवला आणि रिकामी बशी उलटी करून खालचा शिक्का पाहिला. मला तो हात अजून दिसतो, हिरव्या बांगड्या आणि एक पाटली. "कप छान आहेत हो," त्या म्हणाल्या. आई म्हणाली, "माझ्या माहेरचे."

आईचं माहेर जत तालुक्यातलं. दोन एकर जिराईत जमीन, पाऊस पडला तर पीक. तिथे चहा प्यायला जर्मनच्या वाट्या होत्या, तू पाहिल्या आहेस. आईचा चेहरा त्या क्षणी कसा झाला होता ते मी कुणालाही कधी सांगितलं नाही. बाबा मागावर दोन पाळ्या करायचे, ती घरी बसून कांड्या भरायची, हाताला सुताची घट्टं पडलेली. ते हात तिने पदरात घेतले होते.

आणि तू उंबऱ्यावर बसली होतीस. तुमचे कप होते ते. दहा वर्षांच्या पोरीने काय म्हणावं? तू म्हणालीस, "काकू, तुमच्या माहेरचे कप किती छान आहेत. आमच्याकडे असे नाहीत."

मोरीत ते धुताना माझ्या हातातून एक निसटला आणि त्याचा कान तुटला. संध्याकाळी आई स्वतः पाच कप आणि एक तुटका घेऊन तुमच्याकडे गेली. काकूंनी ते मोजलेही नाहीत. "आमच्याच पोरानं फोडला असं सांगीन," म्हणाल्या. ते स्थळ जमलं नाही. अक्काचं पुढच्या वर्षी दुसरीकडे झालं, चांगलं झालं, ते तुला माहीतच आहे.

म्हणून मला हायसिंथवर नुसतं हसता येत नाही. आपल्यात म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळे त्या सव्वा लाखाबद्दल बोलतात. मूठ तासन् तास आवळून धरणाऱ्या हाताला कळ लागते, त्याबद्दल कुणी बोलत नाही. दारावरची घंटा वाजली की हायसिंथच्या डोळ्यांत क्षणभर जी भीती येते, ती मी आमच्या स्वयंपाकघरात पाहिली आहे. ती कुठून आली हे पुढे रॉय क्लार्क यांनीच लिहिलं. २०१६ साली हायसिंथच्या तरुणपणावर एक भाग आला, काळ १९५० च्या दशकातला. त्यात ती एका श्रीमंत घरात मोलकरीण आहे आणि घरी दारू पिणारा बाप आणि बहिणी. दुसऱ्याच्या घरचे कप पुसता पुसताच तिला कप म्हणजे काय ते कळलं.

तरी मी तिला सगळं माफ करत नाही. रिचर्डचे हाल मला बघवत नाहीत. कौन्सिलमधल्या नोकरीतून माणूस लवकर निवृत्त होतो तो घरी दोन क्षण शांत बसायला, आणि ही त्याला बसू देत नाही. क्लाइव्ह स्विफ्ट हे काम करायचे. एक उसासा आणि "हो, हायसिंथ," एवढ्यावर त्यांनी पूर्ण माणूस उभा केला. तेही २०१९ मध्ये गेले. आणि मुलगा शेरिडन, जो ४४ भागांत एकदाही दिसत नाही, फक्त पैसे मागायला फोन करतो. ती फोन ठेवून अभिमानाने त्याच्याबद्दल बोलत राहते, आणि रिचर्ड गप्प. तिथे मला तिचा राग येत नाही, पोटात तुटतं.

राऊटलेजबाईंबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. त्या शिकलेल्या, तयार गळ्याच्या गायिका होत्या. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर संगीत नाटकासाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला, १९८८ च्या सुमारास लंडनमध्ये ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. आणि मालिकेत हायसिंथ गायला लागली की एलिझाबेथचा संगीतकार भाऊ एमेट कुंपणाआड लपतो, इतकी ती भसाडी गाते. सुरात गाणाऱ्या बाईने नेमकं किती बेसूर व्हायचं, कुठल्या जागी घसरायचं, हे मोजून गायलेलं आहे ते. तू गाणं शिकलीस, तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. एवढं सगळं गाजत असताना त्यांनीच मालिका थांबवली, लोकांना अजून हवी असताना. पुढच्याच वर्षी दुसऱ्या मालिकेत कष्टाळू, हुशार गुप्तहेरीण होऊन आल्या. वडिलांचं बर्कनहेडला पुरुषांच्या कपड्यांचं दुकान होतं. काउंटरच्या पलीकडून माणसं कशी बोलतात ते त्यांनी लहानपणी ऐकलेलं असणार, असं मला आपलं वाटतं.

काल मी बिनली वुड्सला जाऊन आले. आमच्या गावाच्या पूर्वेला, बसने फार वेळ लागत नाही. हायसिंथचं घर म्हणून दाखवलेलं घर तिथलं आहे, आणि डेझीचं घर म्हणून दाखवलेलं इथेच स्टोक आल्डरमूरमध्ये. इतकी वर्षं मी याच दोन घरांच्या मधे राहते. बिनली वुड्सचा रस्ता अगदी शांत, कापलेली हिरवळ, दारापुढे गाड्या. कुणीतरी पानं झाडत होतं. घरात माणसं राहतात, म्हणून फोटो काढला नाही, थांबलेही नाही, चालत पुढे गेले. येताना बस स्टोक आल्डरमूरवरून घेतली. तिथेही एक बाई दारापुढची पानंच झाडत होती.

सुनंदा, त्या दिवशी तू जे बोललीस त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आईनेही नाही. ती जाण्याआधी शेवटच्या वर्षी एकदा अचानक म्हणाली होती, "सुनीनं माझं माहेर राखलं." मला तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. केला नाही. आज लिहिते आहे.

पुढच्या वेळी आलीस की मी तुला चौथा भाग लावून देईन. नाही आवडला तर बंद करू.

आणि काकूंच्या कपाटात ते पाच कप अजून असतील, तर दिवाळीत एकदा काढ. फराळाच्या वेळी चहा त्यातच घे, काकूंनाही दे, आणि मला फोटो पाठव. निळी वेल नीट दिसेल असा.

तुझी,
मंगल